उन्हातला मुडदूस

शुक्रवार पेठेत सकाळच्या वेळी बाळंतिणीच्या खोलीत शिरले की आधी ओव्याच्या धुरीचा आणि कोमट तेलाचा वास येतो. न्हाणारी बाई पाय लांब करून बसलेली असते आणि बाळ तिच्या नडग्यांवर पालथे असते. पाठ, मांड्या, पोटऱ्या चोळून झाल्या की ती बाळाला उताणे करते, तळहाताच्या खळग्यात तेल घेते आणि डोक्याच्या मध्यावर हळूहळू जिरवते. याला आपण टाळू भरणे म्हणतो. सोलापूर हे चार भाषांचे गाव आहे. कन्नड बोलणाऱ्या घरात याच जागेला ‘नेत्ती’ म्हणतात, पद्मशाली विणकरांच्या तेलुगू घरात ‘माडू’, दखनी बोलणाऱ्या घरात ‘तालू’. शब्द आणि तेल घरागणिक बदलते, पण बोट त्याच जागी टेकते.

त्या बोटाला बरेच काही कळते. टाळू खोल गेली तर बाळाच्या अंगातले पाणी कमी झाले आहे. ती फुगून ताठ झाली तर आजार डोक्यापर्यंत गेला आहे. दीड-दोन वर्षे उलटूनही ती भरली नाही तर हाडे कच्ची असतील. हे तिन्ही अंदाज आजचे बालरोगतज्ज्ञही खोडून काढणार नाहीत. चौथी एक गोष्ट मात्र या बोटाला सहसा कळत नाही. ती म्हणजे कवटीचा एखादा सांधा वेळेआधीच बंद झाल्याची. हा लेख त्या चौथ्या गोष्टीविषयी आहे. ज्या मुलांत ती वारंवार घडते त्यांतल्या एका गटाची पावले चालताना फेंगडी पडतात, आणि त्यामुळे घरच्यांची, शेजाऱ्यांची आणि पुष्कळदा डॉक्टरांचीही नजर पायांवरच खिळून राहते.

मराठी शाळेत शिकलेल्या प्रत्येकाला एक तक्ता आठवत असेल. ‘अ’ जीवनसत्त्वाच्या अभावी रातांधळेपणा, ‘ब’च्या अभावी बेरीबेरी, ‘क’च्या अभावी स्कर्व्ही, ‘ड’च्या अभावी मुडदूस. जोड्या लावण्याच्या प्रश्नात हे गुण हमखास मिळत. मुडदूस म्हणजे ‘ड’चा अभाव आणि ‘ड’ म्हणजे ऊन, हे समीकरण आपल्या मनात पक्के झाले ते तेव्हापासून. ते खोटे नाही. पण मे महिन्यात पारा बेचाळीस-त्रेचाळीस अंशांवर जाणाऱ्या गावात, दिवसभर बोळात खेळणाऱ्या पोराचे पाय वाकू लागले, तर हा तक्ता काय सांगतो? आईने दूध दिले नसेल, ऊन दाखवले नसेल, तेल नीट चोळले नसेल. तो तक्ता कसा तयार झाला, त्यात आपल्या मुंबई-नाशिकचा वाटा किती होता आणि त्याच्या यशामागे काही मुले कशी झाकली गेली, हे पाहण्यासारखे आहे.

सटवाईची अक्षरे

माणसाची वाळलेली कवटी पाहिली तर हाडांच्या जोडावर नागमोडी, बारीक दातेरी रेषा दिसतात. विधात्याने लिहिलेले नशीब ते हेच, अशी समजूत आपल्याकडे जुनी आहे. पाचवीच्या रात्री सटवाई येऊन बाळाच्या कपाळी लिहून जाते असे आपण म्हणतो, आणि तेलुगूत नशिबाला ‘तलरात’, म्हणजे डोक्यावरचे लिखाण, हाच शब्द आहे. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात डोक्यावरच्या या पाच सांध्यांना ‘सीमंत’ म्हटले असून त्यांची गणना मर्मांत केली आहे. तेथे आघात झाल्यास वेड, भय आणि बुद्धिनाश होऊन कालांतराने मृत्यू येतो, असे ते सांगते. सीमंत म्हणजे भांगही. सीमंतोन्नयन या संस्काराच्या नावात तोच शब्द आहे.

या शिवणी म्हणजे कवटीची वाढ होण्याच्या जागा आहेत. जन्माच्या वेळी बाळाच्या डोक्याचा घेर साधारण ३४-३५ सेंटिमीटर असतो आणि पहिल्या वाढदिवसाला तो ४६ च्या आसपास पोचतो. एवढ्या वेगाने वाढणाऱ्या मेंदूला जागा मिळावी म्हणून कवटीची हाडे सुटी ठेवलेली असतात आणि त्यांच्या कडांवर नवे हाड साठत जाते. मागची छोटी टाळू दोनेक महिन्यांत भरते, पुढची मोठी टाळू साधारण वर्ष ते दीड वर्षात. कपाळावरची शिवण पहिल्या वर्षाच्या आतबाहेर बुजते. बाकीच्या मोठ्या शिवणी मात्र मेंदूची वाढ पुरी झाल्यावरही वर्षानुवर्षे उघड्या राहतात.

एखादी शिवण आधीच सांधली तर काय होते, याचा नियम रुडॉल्फ व्हर्शो या जर्मन शरीरविकृतिशास्त्रज्ञाने १८५१ साली मांडला. जी शिवण बंद पडते तिच्या काटकोनातली वाढ थांबते आणि कवटी दुसऱ्या दिशेने लांबते. डोक्याच्या मध्यावरून पुढून मागे जाणारी शिवण बंद झाली तर डोके रुंदीला अरुंद आणि लांबीला नावेसारखे होते. या अवस्थेला वैद्यकात क्रेनिओसिनोस्टोसिस म्हणतात. आपण तिला शिवणींचे अकाली सांधणे म्हणू.

एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी शल्यचिकित्सकांनी या शिवणी कापून उघडायला सुरुवात केली. सॅन फ्रान्सिस्कोचा लेन हा त्यांतला एक. आपल्या बाळाचा मेंदू कोंडला आहे, त्याचे कुलूप उघडता येणार नाही का, असे एका आईने त्याला विनवले होते. त्याने १८८८ साली शस्त्रक्रिया केली आणि ते बाळ काही तासांतच गेले. १८९० साली पॅरिसच्या लानलाँगने अशा शस्त्रक्रियांचा अनुभव प्रसिद्ध केला आणि त्यांची लाट आली. १८९४ साली रोमच्या परिषदेत न्यूयॉर्कचे बालरोगतज्ज्ञ अब्राहम जेकोबी यांनी हिशेब मांडला तेव्हा ३३ मुलांपैकी १४ दगावलेली होती. यांतल्या अनेक मुलांची कवटी मुळात कुलूपबंद नव्हतीच. मेंदूच लहान राहिला होता आणि कवटी त्याच्यामागून चालली होती. कारणाच्या जागी परिणाम धरल्यामुळे ही मुले शस्त्राखाली गेली. जेकोबींच्या टीकेनंतर कित्येक वर्षे या शस्त्रक्रियेला कुणी धजावले नाही, आणि ज्या मुलांची शिवण खरोखर सांधलेली होती त्यांनाही त्याची किंमत मोजावी लागली. वैद्यकाच्या इतिहासात असे पुन्हा घडले. त्या वेळी विषय मुडदुसाचा होता.

मुंबई, नाशिक आणि पडदा

मुडदुसाचे पहिले मोठे वर्णन इंग्लंडात सतराव्या शतकात झाले. फ्रान्सिस ग्लिसनचा ग्रंथ १६५० चा. पुढे कारखान्यांच्या धुराने काळवंडलेल्या शहरांत हा आजार घरोघरी दिसू लागला. १८९० मध्ये थिओबाल्ड पाम या डॉक्टरने एक साधी युक्ती केली. तो जपानात मिशनरी म्हणून राहून आला होता आणि तिथे त्याला मुडदूस जवळपास दिसला नव्हता. त्याने आशियातल्या ठिकठिकाणच्या सहकाऱ्यांकडून माहिती मागवली, त्यात हिंदुस्थानही होता. जिथे ऊन भरपूर तिथे मुडदूस विरळा, हा निष्कर्ष त्याने त्यावरून काढला. त्याकडे फारसे कुणी लक्ष दिले नाही.

पहिल्या महायुद्धानंतर दोन पक्ष समोरासमोर उभे राहिले. लंडनमध्ये एडवर्ड मेलनबी यांनी कुत्र्यांच्या पिल्लांवर प्रयोग करून १९१९ पर्यंत दाखवले की आहारातल्या एका द्रव्याच्या उणिवेने मुडदूस होतो आणि कॉडलिव्हर ऑइलने तो बरा होतो. त्याच वर्षी बर्लिनच्या कुर्ट हुल्डशिन्स्कींनी अतिनील किरणांच्या दिव्याखाली ठेवून मुलांची हाडे सुधारून दाखवली. दोष अन्नाचा की उन्हाचा, हा वाद त्यातून पेटला. त्याच काळात मुंबई इलाख्यात झालेल्या दोन पाहण्यांनी उन्हाच्या पारड्यात वजन टाकले.

ग्लासगोशी संबंध असलेल्या हचिसन यांनी पटेल यांच्यासह मुंबई शहरातील मुडदुसावरचा निबंध १९२१ मध्ये प्रसिद्ध केला. दुसऱ्या वर्षी हचिसन आणि शाह यांचा नाशिकचा निबंध आला, आणि पुढच्या काळात जगभर उल्लेख होत राहिला तो त्याचा. नाशिकमध्ये त्यांना उलटे चित्र दिसले. दूधदुभते भरपूर असलेल्या, पण पडदा पाळणाऱ्या वरच्या थरातल्या घरांतल्या बायका-मुलांत हाडांचे आजार होते. निकृष्ट अन्नावर जगणाऱ्या, शेतात-रस्त्यावर राबणाऱ्या गरिबांची मुले त्यातून सुटलेली होती. पोट भरलेल्या घरात मुडदूस आणि अर्धपोटी घरात सरळ पाय, याचा उलगडा अन्नाने होईना. उन्हाने होत होता. पुढे दोन्ही पक्ष एकाच द्रव्यापाशी आले. ते अन्नातूनही मिळते आणि उन्हाने कातडीतही तयार होते. मॅकॉलम यांनी १९२२ मध्ये त्याला ‘ड’ जीवनसत्त्व हे नाव दिले. आपल्या शाळेतल्या तक्त्याची ती ओळ अशी लिहिली गेली.

या शोधाने लाखो मुले वाचली, हे प्रथम नोंदवले पाहिजे. आजही आपल्याकडे मुडदुसाची बहुतेक मुले ‘ड’ किंवा कॅल्शियमच्या अभावाचीच असतात आणि औषधाने काही महिन्यांत त्यांची हाडे सुधारतात. पण या शोधाबरोबर एक सवयही लागली. मुडदूस दिसला की आईला प्रश्न विचारायचे. बाळाला बाहेर काढत होतीस का? काय खायला घालत होतीस? अंगावर किती दिवस पाजलेस? नाशिकच्या निबंधात दोष पडद्याच्या चालीवर होता. घरोघरी पोचेपर्यंत तो आईवर आला.

औषधाला न जुमानणारा

१९३७ साली बोस्टनचे फुलर अल्ब्राइट आणि त्यांचे सहकारी बटलर व ब्लूमबर्ग यांनी एका मुलाची हकीकत प्रसिद्ध केली. त्याचा मुडदूस ‘ड’च्या नेहमीच्या मात्रेला दादच देत नव्हता. मात्रा वाढवत वाढवत प्रचंड केली तेव्हा कुठे हाडांत फरक दिसू लागला. एवढे ‘ड’ शरीरात असताना अभाव कसला? अल्ब्राइट यांनी याला ‘ड’ला न जुमानणारा मुडदूस म्हटले. तक्त्याला पहिला तडा गेला तो इथे.

दुसरा तडा १९५८ चा. अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायनात रॉबर्ट विंटर्स आणि सहकाऱ्यांनी एका मोठ्या कुटुंबाच्या पिढ्या तपासल्या. त्यांनी पाय वाकलेल्यांपुरते न थांबता सगळ्यांचे रक्त तपासले. तेव्हा दिसले की काही बायकांचे पाय सरळ होते, पण रक्तातले फॉस्फेट कमी होते. वारशाने येणारी गोष्ट वाकलेले पाय नसून कमी फॉस्फेट आहे, हे त्यातून समजले. वारशाची वाटही उघडी झाली. आजारी बापाच्या सगळ्या मुलींना हा वारसा मिळे, मुलांना कधीच नाही. आजारी आईच्या मुलगा-मुलगी कुणालाही तो मिळण्याची शक्यता निम्मी. म्हणजे हा दोष एक्स गुणसूत्रावरचा, आणि तो दिसायला जनुकाची एकच बिघडलेली प्रत पुरेशी होती.

सोलापुरात या गोष्टीला वेगळे महत्त्व आहे. आतेमामे भावंडांची लग्ने या भागात अनेक समाजांत रीतसर होतात. मूल वाकड्या पायांचे निघाले की नात्यात लग्न केल्याचे फळ, असे म्हणायला लोक मोकळे होतात. कमी फॉस्फेटच्या मुडदुसाचे काही विरळ प्रकार असे आहेत की त्यांना आई आणि बाप दोघांकडून बिघडलेली प्रत यावी लागते. तिथे नात्यातल्या लग्नाचा संबंध खरोखर असतो. पण सर्वांत जास्त आढळणाऱ्या, एक्स गुणसूत्रावरच्या प्रकाराशी त्याचा काही संबंध नाही. पुष्कळ मुलांत तर बदल नव्यानेच झालेला असतो, आईबाप दोघेही निरोगी असतात. या घरांत दोष शोधायला गेले तर कुणाचाच सापडत नाही.

हाडातून सुटणारे संप्रेरक

फॉस्फेट जाते कुठे? ते लघवीवाटे वाहून जाते, हे लवकर कळले होते. मूत्रपिंडाला ते सोडून दे असे सांगते कोण, हे कळायला शतक संपावे लागले. १९९५ मध्ये शास्त्रज्ञांच्या एका आंतरराष्ट्रीय गटाने एक्स गुणसूत्रावरचे ते जनुक शोधले; त्याला पुढे ‘फेक्स’ हे नाव रूढ झाले. २००० मध्ये अशाच दुसऱ्या कौटुंबिक आजाराच्या शोधातून एफजीएफ-२३ हे संप्रेरक हाती आले.

संप्रेरक म्हटले की आपल्याला गळ्यातली थायरॉइड, मेंदूखालची पिट्युटरी अशा ग्रंथी आठवतात. हे संप्रेरक हाडात खोलवर बसलेल्या पेशी तयार करतात. ते रक्तातून मूत्रपिंडाकडे जाते आणि दोन आज्ञा देते. एक, फॉस्फेट अडवू नकोस. दोन, ‘ड’चे काम करणारे रूप तयार करणे कमी कर. निरोगी शरीरात या आज्ञा मापात दिल्या जातात. फेक्स बिघडले की हाडातून हे संप्रेरक बेसुमार सुटते. मग मुलाने कितीही ऊन खाल्ले आणि दूध प्यायले तरी हाड घट्ट करायला लागणारे फॉस्फेट मोरीवाटे निघून जाते. सोलापूरच्या उन्हात मुडदूस होतो तो असा. हा आजार साधारण वीस हजारांत एकाला असतो, असे धरले जाते.

असे मूल ओळखण्यात एक साधा खड्डा आहे. लहान मुलांच्या रक्तात फॉस्फरस मोठ्यांपेक्षा जास्त असतो. मोठ्या माणसाला शंभर मिलिलिटरमागे अडीच ते साडेचार मिलिग्रॅम पुरतो. दोन-तीन वर्षांच्या मुलात तो चार ते साडेसहाच्या घरात असायला हवा. प्रयोगशाळेच्या छापील कागदावर मात्र पुष्कळदा मोठ्यांचीच मर्यादा असते. मुलाचा आकडा २.८ आला तरी शेजारी ‘नॉर्मल’ छापून येते, आणि वाचणाऱ्याच्या ध्यानात आले नाही तर पुन्हा ‘ड’चे इंजेक्शन दिले जाते. सहा लाख एककांचे इंजेक्शन आपल्याकडे नवे नाही. ते एकामागून एक दिले तर पाय सुधारत नाहीत आणि कॅल्शियम वाढून मूत्रपिंडाला धोका होतो.

पाय पाहिले, डोके राहिले

आता टाळूकडे परत येऊ. साध्या मुडदुसात टाळू उशिरा भरते, हाडे मऊ राहतात. जिथे हाड कच्चे तिथे शिवण लवकर सांधण्याचा प्रश्नच कुठे, असे कुणालाही वाटेल. १९६४ मध्ये टोरांटोच्या रायली, लीमिंग आणि फ्रेझर यांनी मुडदुसाच्या वेगवेगळ्या प्रकारांतल्या मुलांच्या कवट्या तपासून लिहिले की त्यांच्यात शिवणींचे अकाली सांधणे अपघाताने घडावे त्याहून फार जास्त आहे. निबंध प्रतिष्ठित नियतकालिकात आला, तरी मुडदुसाच्या मुलांची तपासणी आणखी कित्येक दशके गुडघे, घोटे आणि मनगटांच्या क्ष-किरण चित्रांभोवतीच फिरत राहिली. २०१९ मध्ये पॅरिसच्या गटाने एक्स गुणसूत्रावरच्या प्रकाराची ४४ मुले घेऊन त्यांच्या डोक्याचे स्कॅन केले. त्यातल्या ५९ टक्के मुलांची मधली उभी शिवण पूर्ण किंवा अंशतः सांधलेली होती. २५ टक्के मुलांत लहान मेंदूचा खालचा भाग मणक्याच्या दिशेने उतरू लागला होता.

मऊ हाड आणि लवकर बंद होणारी शिवण यांचा मेळ कसा लागतो? त्याचा एक धागा दुसऱ्या आजारांतून मिळाला. क्रूझाँ आणि एपर्ट या नावांनी ओळखल्या जाणाऱ्या आजारांत मुलांच्या कवटीच्या शिवणी जन्मतःच किंवा लगेच सांधतात. १९९४-९५ मध्ये या दोन्हींचे मूळ एफजीएफ कुळातल्या संदेशांना दार उघडणाऱ्या एका ग्राहीच्या जनुकात सापडले. ते दार सतत उघडे राहिले की शिवणीतल्या पेशी हाड होण्याची घाई करतात. आपले एफजीएफ-२३ त्याच कुळातले आहे. फॉस्फेटच्या मुडदुसात ते हाडाच्या आसपास इतके साठते की ते शिवणींतली तीच दारे ठोठावत असावे, असे मानले जाते. एकच संप्रेरक मूत्रपिंडात फॉस्फेट सोडून हाड कच्चे ठेवते आणि शिवणीत हाड अकाली पक्के करते.

या मुलांत शिवण बहुधा पहिल्या वर्षानंतर सांधते. बारशाला डोके छान गोल असते, उष्टावणालाही असते. नंतर हळूहळू कपाळ पुढे येते, डोके मागे लांबत जाते आणि कानांच्या वरची बाजू अरुंद होते. घरात कुणीतरी म्हणते, बाळाला एका कुशीवर निजवले, मोहरीची उशी ठेवली नाही, न्हाणारीने डोके नीट चोळले नाही. एकाच बाजूला निजल्याने डोके चपटे होते हे खरे, पण ते बाळ बसू-उठू लागले की बहुतांशी सुधारते आणि त्यात शिवणी उघड्याच असतात. सांधलेली शिवण चोळून उघडत नाही, आणि चोळले नाही म्हणून सांधतही नाही.

बरीच मुले याचा काही त्रास न होता मोठी होतात. काहींच्या डोक्यात मात्र दाब वाढतो. सकाळी उठल्यावर डोके दुखते, ओकारी होते, मूल चिडचिडे होते. डोळ्याच्या मागे मज्जातंतूवर सूज येते आणि नजर हळूहळू जाऊ लागते. तीन-चार वर्षांचे मूल नजर कमी झाल्याचे सांगत नाही. ते वस्तू जवळ घेऊन पाहते, पायरीवर अडखळते. पाय वाकडे आहेत म्हणून पडते, असे घरचे समजतात. या गैरसमजात जे महिने जातात ते परत मिळत नाहीत. दाब वेळीच ओळखला तर मेंदूचे आणि चेहऱ्याचे शल्यचिकित्सक मिळून कवटीला जागा करून देतात. शस्त्रक्रिया मोठी आहे, पण लेनच्या काळातली ती आता राहिलेली नाही. गेलेली नजर मात्र शस्त्रक्रियेने आणता येत नाही.

सोलापूरहून परळपर्यंत

सोलापूरला डॉ. वैशंपायन यांच्या स्मरणार्थ उभे राहिलेले वैद्यकीय महाविद्यालय १९६३ पासून आहे. पेठेतल्या माणसाच्या तोंडी त्याचे रुग्णालय अजूनही ‘सिव्हिल’च आहे. दुर्मीळ आजार म्हटले की तिथून पुढचा प्रवास रात्रीच्या सिद्धेश्वर एक्स्प्रेसने होतो. पहाटे दादरला उतरायचे आणि परळला १९२६ पासून उभ्या असलेल्या केईएम रुग्णालयाची रांग धरायची. २०२१ च्या राष्ट्रीय दुर्मीळ आजार धोरणात देशातल्या मोजक्या उत्कृष्टता केंद्रांत केईएमचे नाव आहे, आणि धोरणात नोंदलेल्या आजारांसाठी २०२२ पासून पन्नास लाख रुपयांपर्यंत मदतीची तरतूद झाली आहे.

या मुलांचे जुने उपचार म्हणजे फॉस्फेटचे द्रावण आणि ‘ड’चे कार्यकारी रूप. द्रावण दिवसातून चार-पाच वेळा द्यावे लागते, रात्रीचा डोसही चुकवता येत नाही, चव वाईट आणि पोट बिघडवणारे. दर काही महिन्यांनी रक्त, लघवी आणि मूत्रपिंडाची सोनोग्राफी पाहावी लागते. २०१८ मध्ये युरोप आणि अमेरिकेत बुरोसुमॅब हे इंजेक्शन मान्य झाले. ते एफजीएफ-२३ लाच पकडून ठेवते आणि मुलांना दर दोन आठवड्यांनी दिले जाते. हाडांवर त्याचा परिणाम चांगला दिसतो. सामान्य घराला ते परवडणारे नाही. उपचार कोणताही असो, डोक्यावर लक्ष ठेवण्यातून सुटका नाही. २०१९ मध्ये तज्ज्ञांनी एकमताने दिलेल्या शिफारशींत या मुलांच्या डोक्याचा घेर आणि आकार नियमित पाहावा, शंका आली तर डोळ्याच्या पडद्याची तपासणी आणि डोक्याचे स्कॅन करावे, असे स्पष्ट लिहिले आहे.

इथे पुन्हा तो तक्ता आडवा येतो. २०१३ साली आपल्याच राज्यातल्या पालघर येथून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम सुरू झाला. अंगणवाडीत आणि शाळेत येणारी पथके तीस प्रकारच्या दोषांसाठी मुलांची तपासणी करतात, आणि हे काम मोलाचे आहे. त्या यादीत अभावाच्या आजारांत ‘अ’चा अभाव आहे आणि ‘ड’च्या अभावाचा मुडदूसही आहे. जन्मजात दोषांत नऊ नावे आहेत, दुभंगलेला ओठ, वाकडे पाऊल, जन्मजात मोतीबिंदू वगैरे. कवटीच्या अकाली सांधण्याचे नाव त्यात नाही. पथकाला मूल सापडले तर ते वाकलेल्या पायांनी, ‘ड’च्या रकान्यात सापडेल. त्या रकान्यातून ते पुढे सरकेल की तिथेच अडकेल, हे पाहणारा माणूस किती सावध आहे यावर ठरते.

त्या सावधपणाला महागडे यंत्र लागत नाही. तीन महिने ‘ड’ आणि कॅल्शियम दिल्यावरही मनगटाच्या क्ष-किरण चित्रात फरक नसेल तर चौथे इंजेक्शन देण्याआधी फॉस्फरस तपासावा, आणि तो मुलाच्या वयाच्या मर्यादेशी ताडून पाहावा. आईची उंची पाहावी, तिच्या दातांविषयी विचारावे. या आजारात किड नसतानाही दातांच्या मुळाशी वारंवार गळू होतात, आणि कित्येक आयांना आपला आजार मुलाच्या निदानानंतर कळतो. आणि डोक्याचा घेर मोजावा. जागतिक आरोग्य संघटनेने डोक्याच्या घेराची जी मानके २००७ मध्ये प्रसिद्ध केली, त्यांसाठी सहा देशांतली मुले मोजली होती आणि त्यात दिल्लीची मुलेही होती. ती मानके आपल्याही मुलांची आहेत. घेर एकदा मोजून भागत नाही, कारण नावेसारख्या डोक्याचा घेर सामान्यच भरू शकतो. म्हणून दर खेपेला वरून आणि बाजूने आकारही पाहायचा, पाच वर्षांचे होईपर्यंत.

शिंप्याच्या दुकानात असते तशी कापडी टेप त्याला पुरते. शुक्रवार पेठेतल्या आजीच्या बोटाला टाळूची भाषा येते. ती बाळाच्या डोक्यावर तेल जिरवते तेव्हा तिला एवढेच सांगायचे आहे की टाळूपाशी थांबू नकोस. टाळूपासून मागे, डोक्याच्या मध्यावरून बोट ने. नुकत्याच जन्मलेल्या बाळाच्या मऊ शिवणीपेक्षा तिथे एखादी कडक, उंच, काठासारखी रेघ हाताला लागली, किंवा दोन वर्षांच्या नातवाचे डोके टोपीत मागे लांब दिसू लागले, तर न्हाणारीला, सुनेला, कुंडलीला बोल लावू नकोस. त्या दिवशीच टेप काढ, आकडा वहीत तारखेसह लिही आणि वही घेऊन डॉक्टरकडे जा.